परमिट

एकचं रीडिंग घेतलं. तेहतीसची लाईन बरोबर,
ट्रान्सफॉर्मरचं तेल एकोणपन्नास अंशावर,
सिलिका जेल अजून निळीच.
दोन वाजेपर्यंत माझ्याजवळ अठ्ठावन्न मिनिटं आहेत
आणि जिनिंगच्या रुईत तोंड खुपसून पडलेला एक मुनीम,
अजून पुरता न मेलेला.

खैरगाव फाट्यावरच्या या उपकेंद्रात
नऊ वर्षांत मी अकरा माणसं मारली.
सगळी नाईटला.
पहिल्या पाळीत फोन जगू देत नाही, दुसरीत साहेब.
रात्री फक्त यार्डातली गिट्टी, एक आंधळी कुत्री
आणि पॅनलची घुरघुर,
जी घरी जाऊन झोपले तरी दाढेत राहते.

"भेव नाही लागत काय वं बाई, एकटीले?"
शालिक विचारतो, बाटली भरता भरता.
शालिक नेवारे, लाईनमन, माझा पहिला वाचक.
काय सांगू त्याला.
बाहेरच्या अंधारात जे कोणी उभं असेल
ते मीच तिथं उभं केलेलं.

लिहिते लॉगशीटच्या पाठकोऱ्या बाजूवर.
पुढून अँपिअर, मागून रक्त.
एकदा एक शीट तशीच गेली ऑडिटला
आणि लाल शाईत शेरा परत आला:
मयताच्या खोलीत रात्री ११.२० ला दिवा कसा?
त्या वेळी गावठाण फीडर बंद होता.
बरोबर होतं त्यांचं.
अख्खं प्रकरण पुन्हा लिहिलं, कंदिलावर.

नागपूरचे प्रकाशक म्हणतात, खून चांगले असतात तुमचे,
जरा प्रेमाचं बघा.
मुखपृष्ठावर दरवेळी तीच तांबड्या नखांची बाई,
आमच्या तालुक्यात कोणीच न पाहिलेली.
यंदाच्या मानधनात एक स्वेटर आला.

दोन अठराला जिनिंग फीडर पडला. धाडकन.
मुनीम तसाच राहिला.
नाल्यापलीकडं जंपर तुटलेला.
मी ब्रेकर काढते, आयसोलेटर उघडते, अर्थिंग लावते,
हँडलला पाटी अडकवते.
कुलपाची मागणी तीन वर्षांपासून वर गेलेली आहे.
परमिटवर वेळ, माझी सही, शालिकची सही.
"पुढं काय होते मुनीमाचं?"
जा आधी, म्हणते मी.

एक खून मला रुजू झाले त्या दिवसापासून येतो.
हत्यार नाही, ठसे नाहीत, साक्षीदार पांघरुणात.
एक पाटी, एक हँडल,
डोकं दुसरीकडं असलेली एक बाई.
माझा फौजदार बोरकुटे येईल, चहा पिईल,
'अपघाती' असं लिहून मोटारसायकलला किक मारेल.
तो मी लिहिलेला नाही.
प्रकाशकाला सांगितलेला नाही.
आणि शालिकला तर...
तो मारेकरी चाळिसाव्या पानावरच ओळखतो.

वीस मिनिटं. पस्तीस.
कागद ड्रॉवरमध्ये, पेनाला टोपण.
लाईनवर माणूस असला की मी एक अक्षर लिहीत नाही.
लिहिणाऱ्या बाईचा भरवसा नाही,
ती उठून कुठंही जाते.
खुर्ची पॅनलसमोर ओढून
पाटीच वाचत बसते, पुन्हा पुन्हा,
शेवट माहीत नसल्यासारखी:
सावधान. लाईनवर माणूस काम करीत आहे.

तीनचं रीडिंग तीन-सातला.
मग फोन. "झालं बाई. खाली आहो. घे लाईन."
नाही घेत. इथं ये, म्हणते, सही कर, तोंड दाखव.
तो चिडतो. दीड किलोमीटर येतो तसाच,
पँटला गोखरू चिकटलेले, नाक गळतंय थंडीनं.
सही करतो. मी पाटी काढते.
जिनिंगकडं पिवळा उजेड उठतो.

मग तो माझ्याच खुर्चीत बसतो, बूट काढून.
"मंग? मेला काय मुनीम?"

बघू.
चारच्या रीडिंगपर्यंत वेळ आहे त्याला.