मँगनीजच्या खालचं घर

चियातुरात त्या हिवाळ्यात वीज नव्हती.
दरीवरचे पाळणे तारेवर जिथल्या तिथे लटकलेले,
म्हणून मझेविनारबाई चारशे पायऱ्या चढून येत,
काखेत गुंडाळलेला तक्ता.
मेणकापडाचा, त्यांच्या वडिलांनी रंगवलेला.
खाणीतला माणूस, अक्षर मात्र गोंदल्यासारखं.

आमच्या गावाच्या नखांत मँगनीज, खोकल्यात मँगनीज.
तक्त्यावर ते पंचविसावं.
बाकी काही पाठ नसलं तरी ते आम्ही
घरच्या माणसासारखं बोटाने दाखवायचो.

"नुसत्या वजनावर नाही बसवायचं," बाई म्हणत.
"टेल्युरियम जड, तरी आयोडीनच्या आधी.
कुणाचं कुणाशी जमतं, कोण कुणाला काय देऊ करतं,
ते बघून पंगत मांडायची."
उजवीकडच्या टोकाचे ते तालेवार
कुणाच्या ताटातलं घेत नाहीत, कुणाला वाढत नाहीत.
हायड्रोजन कोपऱ्यात,
ना माहेरचा ना सासरचा.
आणि एक लांबलचक ओळ खाली पडवीत,
घरात मावली नाही म्हणून.

गोचाने विचारलं,
"मँगनीजच्या खालचं घर रिकामं का?"
रिकामी घरं आणखीही होती, पण हे आमच्या दाराखालचं.
वडिलांनी रंगवलं तेव्हा तिथे कोण राहतं
हे ठाऊक नव्हतं. कुणीतरी राहतं, एवढंच.
"पुढे मिळालं," बाई म्हणाल्या, "टेक्नेशियम.
खाणीत नव्हे. माणसांना घडवावं लागलं.
ते टिकतच नाही, झिजत झिजत दुसरंच काही होतं."
"मग नाव लिहा की."
बाईंनी पेन्सिल कानामागे खोचली.

मार्चमध्ये गोचा ट्रकने गेला, रोस्तोवकडे.
मग नातेला. मग ते दोघे जुळे.
बाईंनी बाक हलवले नाहीत.
हजेरीत नाव घेऊन थांबत,
तेवढा वेळ शेगडीतलं ओलं लाकूड
सूं सूं करत राही.

परवा गेले होते. पाळणे नवे, काचेचे.
शाळेत छापील तक्ता, एकशे अठरा घरं,
सातवी ओळ टोकापर्यंत भरलेली.
उगाच गुदमरल्यासारखं झालं.

बाई आता नाहीत. मेणकापड पुतणीकडे,
फळीवर पिठाच्या डब्यांखाली अंथरलेलं.
त्रेचाळिसाव्या घरात पेन्सिलने काही लिहून
खोडलेलं दिसलं.
खिडकीशी धरून पाहिलं:
नाव नव्हतं ते.
फोन नंबर होता, रोस्तोवचा,
शेवटचे दोन आकडे पुसट.