शेड कार्ड

जानेवारीत रंग उशिरा धरतो.
जेल रोडला सकाळी सात अंश,
ट्यूबमधली क्रीमसुद्धा अंग चोरून बाहेर येते.
मी वाटी आधी गरम पाण्यावर धरते.
वीस व्हॉल्यूम, एकास दीड,
सगळंच पांढरं असेल तर अर्धा भाग साधा तपकिरी,
नाहीतर सोनेरी छटा कानशिलावर लाल होऊन ओरडते.
कोर्समध्ये हे कुणी सांगितलं नाही,
एका नवरीच्या आईवर शिकले.
तिने पैसे दिले नाहीत. बरोबरच होतं तिचं.

दोंदेबाई आल्या तेव्हा अंजुम दुकान झाडत होती.
परवा कानामागे लावलेला ठिपका
त्यांनीच मान वळवून दाखवला.
"खाज नाही, लाली नाही. पास."
नोट प्रेसमधून रिटायर.
एकतीस वर्षं ताव तपासले,
बोलतातही तशाच, एकेक बाजूला काढून.

पिशवीतून वर्तमानपत्र निघालं,
वर्तमानपत्रातून वेणी.
मनगटाएवढी, टोकाला रबर वितळून चिकटलेलं.
"सकाळच्या शिफ्टला घालायला वेळ पुरेना, कापली.
हा रंग करून दे."

कार्डावर रंगांचे छोटे छोटे गोंडे असतात,
खाली नंबर. मी एकेक लावून पाहिला.
आत ती काळी होती. खिडकीशी नेली
तर मुळाशी भिजल्या चिंचोक्याचा रंग,
टोकाला काकवीचा,
आणि मधे कुठेतरी एक, ज्याला मला नाव सुचेना.
काळा असा कुणाच्याच डोक्यावर नसतो.
तो फक्त पाकिटावर असतो.

म्हणून फॉइल घेतल्या.
शेपटीच्या कंगव्याने एक बट उचल, दोन सोड,
कपाळाच्या कडेला व्हॅसलीन,
कानशिलांवर दुसरा हात, तिथले पांढरे हट्टी.
अमोनियाने माझेच डोळे भरून आले
आणि बाई म्हणाल्या, "शाई बरी होती."

चाळीस मिनिटं.
या चाळीस मिनिटांत बायका सगळं सांगतात,
यांनी काहीच सांगितलं नाही.
उलट मीच बोलत सुटले.
वडील रामकुंडावर बसतात म्हटलं, वस्तरा घेऊन,
अजून, गुडघे दुखत असताना.
मी उतरवतो, तू चढवतेस, असं म्हणतात.
एकदा माझा आरसा बघून म्हणाले,
माझ्याकडे नसतो.
तिथे कुणी मागत नाही.

धुतलं. वाळवलं. वेणी शेजारी धरली.
अंजुमला सांधा सापडेना.
मी शाबासकीसाठी थांबले, खोटं कशाला बोलू.
बाई उठल्या, खांद्यावर टॉवेल तसाच,
दार ढकलून फुटपाथवर उन्हात गेल्या.
शेअर रिक्षावाला वेग कमी करून बघून गेला.
त्यांनी पर्समधून भिंग काढलं,
वेणी वर, बट खाली,
आणि बराच वेळ.

"ट्यूबलाइटखाली जुळतं. इथे नाही."

टोनर मारते म्हटलं, दहा मिनिटं, पैसे नकोत.
"राहू दे गं," म्हणाल्या.
"फार जुळलेलं दिसलं
की पहिल्यांदा तोच ताव बाजूला काढायचे मी."
हसल्या का ते कळलं नाही, भिंग मधे होतं.
वेणी पुन्हा वर्तमानपत्रात,
पन्नास रुपये कमी करून घेतले,
मी दिलेली फाटकी वीसची परत केली.
जाताना काचेत डोकावल्या.
भांग डावीकडून उजवीकडे केला
आणि गेल्या.

त्यांची पाचशेची मी गल्ल्यात टाकण्याआधी
दारात जाऊन उन्हात धरली.
खरी-खोटी नव्हते बघत.
रंग बघत होते.

तेवढ्यात दुसरी आली,
मेंदीचं लालभडक डोकं, आणि तिला राखाडी ग्लोबल हवं.
मेंदीवर नाही बसत, म्हटलं.
तुम्ही बसा.