वरीलप्रमाणे

अकरा हजार तीनशे तेवीस फायली.
दिवसाला एक, अशी एकतीस वर्षं.
खिंडीतल्या वेधशाळेत तोक्तोसुन नावाचा माणूस
दर तीन तासांनी टोपी कानांवर ओढून बाहेर जायचा
आणि वारा, पारा, बर्फाची उंची
वहीत लिहायचा.
नारीनच्या कचेरीतल्या दोन मुलींनी ते सगळं टंकलं,
त्याच्या चुकांसकट.

मी बुरुलकान. माझ्याकडे काम आलं ते बांधाबांधीचं.
सगळ्याची एक झिप करायची,
राजधानीला पाठवायची,
आणि मग वह्यांचं काय करायचं ते वरचे ठरवतील.

बारा ओळींचा प्रोग्राम.
गाठोडं उघड. फोल्डरमधली एकेक फाईल घे.
दाब. आत टाक. पुढची घे.

दाबायचं म्हणजे काय, हे साहेबांना सांगताना
मला आमच्या हिशेबनिसाची आठवण झाली.
तेच नाव पुन्हा आलं की तो खाली दोन तिरक्या रेघा मारायचा.
यंत्रही तेच करतं, फक्त नेमकं सांगतं:
चारशे अक्षरं मागे जा, तिथून सव्वीस उचल.
तोक्तोसुनचा हिवाळा तर असल्या रेघांचाच.
वायव्येचा वारा. वरीलप्रमाणे.
उणे एकोणतीस. वरीलप्रमाणे.
दृश्यमानता नाही. वरीलप्रमाणे.
एक अख्खा जानेवारी
माझ्या चहाच्या पुडीवरच्या मजकुराएवढा झाला.

पहिल्या रात्री दहा हजारांच्या पुढे गेलो होतो,
मी आणि पंखा.
वीज गेली.
सकाळी डिस्कवर गाठोडं होतं, वजनदार, भरलेलं,
आणि उघडेना.
आत सगळं असून काहीच सापडेना,
कारण कुठे काय ठेवलंय त्याची यादी
या असल्या गाठोड्यात सगळ्यात शेवटी लिहिली जाते,
आणि शेवटापर्यंत आम्ही पोचलोच नव्हतो.

युर्त उंटावर चढवताना मामा ओरडायचा,
काठ्या कुणीही बांधेल,
शेवटची गाठ कोण मारणार ते आधी सांगा!
मी तेव्हा हसायचे.

दुसऱ्या रात्री शेजारच्या गॅरेजमधून ट्रकची बॅटरी आणली.
या वेळी एक ओळ वाढवली, नुसत्या कुतूहलापोटी:
कोणती फाईल किती आकसली ते छाप.
बहुतेक निम्म्याहून खाली. काही पाचव्या हिश्श्यावर.
आणि एक,
फेब्रुवारी अठ्ठ्याहत्तरमधली,
दाबल्यावर दोन बाइटांनी वाढली.

आधी वाटलं, माझंच चुकलं.
उघडून पाहिली. तीन शब्द.
आज मोजलं नाही.

एवढ्याशा मजकुराला मागे जायला जागाच नसते.
दोन रेघा माराव्यात
असं वर काहीच नव्हतं.

मी हिशेब मांडत बसले.
दरड? ताप? कुणी गेलं असेल?
एकतीस वर्षांत हा एकच दिवस.
मुलींना विचारलं. त्या म्हणाल्या,
वहीत तेवढंच होतं, बाकी पान कोरं.

त्याची बायको आसिलकान अजून आहे, अत-बाशीला, लेकीकडे.
फोन लागायला तीन दिवस गेले.
तिला वाटलं पेन्शनचं काहीतरी.
मग तारीख सांगितली तशी ती गप्प झाली
आणि हसायला लागली,
दात नसलेल्या माणसाचं, हवेचं हसू.

झोपला होता गं तो.
मीच घड्याळ पिठाच्या पोत्यात लपवलं होतं.
लग्नाला चार महिने झाले होते
आणि एक रात्र सलग मिळाली नव्हती.
उठला तेव्हा सूर्य डोक्यावर.
शिव्या दिल्या मला. मग पुन्हा आडवा झाला.

मी विचारलं, त्या दिवशी बर्फ किती होतं?
तिकडून चमचा वाजल्याचा आवाज आला.
कुणाला माहीत, म्हणाली,
आम्ही बाहेर पाहिलंच नाही.

त्या एका फाईलसाठी मी वेगळी अट लिहिली:
हिला दाबू नकोस, आहे तशी ठेव.
साहेब विचारतील दोन बाइटांसाठी एवढं काय,
तर सांगेन काहीतरी.

मग शेवटची ओळ.
बंद कर.
बॅटरीचा दिवा लाल झाला होता.
यादी लिहिली जाईपर्यंत
मी मोडेल म्हणून खुर्चीत हललेही नाही.