तेकलेची वही

पहिला शब्द मामा.
कुठे मामा म्हणजे आई, कुठे आईचा भाऊ,
आमच्या जॉर्जियात मामा म्हणजे बाप.
म्हणजे मी, बद्री,
झेस्तापोनीच्या भट्टीवरून रात्रपाळी करून आलेला,
एक बूट अजून पायातच.
तारीख लिहिली. हात धुवायचे राहिले होते,
पानावर काळा अंगठा उमटला. राहू दिला.

संध्याकाळी इटलीला, बारीला फोन लावला.
म्झिया तिथे एका सिन्योराला भरवते, कूस बदलून देते.
तेकले पडद्याकडे बघून म्हणाली, मामा.
तिकडे म्हातारीने टाळ्या वाजवल्या,
"तुलाच हाक मारतेय गं पोर, आई म्हणतेय!"
म्झियाने तिची चूक दुरुस्त केली नाही.
मीही नाही.

दवाखान्यातली नर्स विचारते,
दीड वर्षाची झाली, शब्द किती?
मी वही उघडतो.
मांजराला 'फी'. बर्फालाही 'फी',
शेजारणीच्या केसाळ टोपीलाही.
पाण्याला नुसतं 'त्सा',
अख्खं 'त्स्काली' एवढ्याशा तोंडात मावत नाही.
'आरा' म्हणजे नको. तो मात्र लख्ख, उठताबसता.
नर्स म्हणते, टोपी वेगळी मोजू नका.

'देदा' म्हणजे आई.
तो मी लिहिलाच नाही,
कारण ती तो फोनला म्हणते.
बंद फोनलाही. एकदा चार्जरच्या वायरलाही.
फोन उलटा करून मागे बघते,
नखाने कव्हर उचकटते,
मग माझ्याकडे बघते,
जणू मीच कुठेतरी लपवून ठेवलंय.

ऑगस्टात म्झिया आली.
कुताईसीच्या विमानतळावर तिने हात पसरले.
तेकलेने तिला नीट न्याहाळून घेतलं
आणि माझ्या खिशाकडे बोट दाखवलं.
देदा.
गाडीत कुणी बोललं नाही.
सिन्योराने दिलेल्या बिस्किटांचा
म्झियाच्या मांडीवर चुरा होत गेला.

तिसऱ्या दिवशी ओढ्याकाठी बेडूक निघाला.
"बाकाकी," म्झिया म्हणाली.
त्यातला क साधा नव्हे,
घशाच्या तळाशी गाठ मारून एकदम सोडायचा असतो.
फोनच्या पडद्यावर तो दिसत नाही.
इतके दिवस तेकले तिथे मोकळी जागा ठेवून म्हणायची,
बा-आ-ई.

तिने म्झियाच्या गळ्यावर बोटं ठेवली.
म्झियाने पुन्हा म्हटलं. पुन्हा.
अकरा वेळा, मी मोजलं,
बेडूक केव्हाच पाण्यात गेला होता.
मग दुसरा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून
पोरीने उचकीसारखा, ठसक्यासारखा
एक क काढला,
आणि स्वतःच दचकली.

रात्री वहीत लिहिलं: बाकाकी. एक क आला, दुसरा बाकी.
म्झियाने माझ्या हातून वही घेतली,
पानं मागे उलटत गेली,
अंगठ्यापर्यंत.
मग पुढे. मग परत मागे.
काय शोधतेयस, मी विचारलं नाही.
तिने पेनाला टोपण लावलं
आणि दिवा घालवला.