पास्या

आमच्या बापाचं जुनं जाळं,
इटियाडोहच्या पाण्यात दहा वर्षं मुरलेलं,
आम्ही बांबूच्या गोलपोस्टाला बांधलं होतं.
रोहू निसटेल एवढाली भोकं त्याला.
चेंडू आरपार जायचा
आणि मग अर्धा तास भांडण, गोल झाला की नाही.
मी गोलकीपर, मी म्हणायचो, नाही.
पास्या काहीच म्हणायचा नाही,
तो चेंडू आणायला धानाच्या बांधीत उतरलेला असायचा.

खरं नाव पासांग. म्हणजे शुक्रवार.
आम्हाला वाटायचं, पास देतो म्हणून पास्या.
बाप लोदेन, कॅम्पातला, हिवाळाभर नागपुरात स्वेटर विकणारा.
आई पुस्तकला, गोठणगावच्या नंदेश्वरांची.
दोन्ही घरांत बुद्ध होता,
सोयरिकीला तेवढं पुरलं नाही.
दोघं गोंदियाला जाऊन सह्या करून आले,
येताना चार किलो कांदे घेऊन आले,
कारण बाजाराचा दिवस होता.

कॅम्पातली पोरं त्याला म्हणायची, ग्यागर.
आमची म्हणायची, ए चिनी.
मीही म्हटलं आहे. एकदाच नाही.
त्या दिवशी तो डाव्या पायाने मारायचा
आणि माझे तळहात
संध्याकाळपर्यंत भाकरीसारखे फुगलेले.

मग नागपूरची लीग, जेवण आणि दीडशे रुपये.
मग गोवा. मग कोलकाता. मग शिलाँग,
तिथे बाजारात बाया त्याच्याशी खासीत बोलायच्या.
तो म्हणायचा, "काय म्हणून राहिल्या मावशी,
मले समजून नाही राहिलं."
हे फोनवर सांगताना हसायचा,
हसून झाल्यावर थोडा वेळ लाइनवर नुसता असायचा.

क्लबाच्या फॉर्मात एक रकाना.
बापाकडे वहीसारखं कार्ड, शिक्के मारत न्यायचं.
आईकडे दीड एकराचा सातबारा.
मॅनेजरने विचारलं, तुला परदेशी कोट्यात धरू की आपल्या?
पास्याने विचारलं,
पगार एकच हाये का दोन्हीकडे?

एका वर्षी देशाच्या शिबिराचं पत्र आलं.
पासपोर्टच्या चौकशीला अर्जुनीहून शिपाई आला.
पुस्तकलाबाईने त्याला थुक्पा वाढला.
दोन वाडगे संपवून त्याने लिहिलं,
अधिक चौकशी आवश्यक.
कागद फिरून आला तेव्हा
शिबिर उठून दोन महिने झाले होते.

पुढच्या साली तो बापाच्या देशाकडून खेळला,
जो देश कुठल्या गुणतक्त्यात नाही.
कुठल्यातरी थंड गावी, मैदानाच्या कडेला बर्फ.
आठ-एक हरले. तो एक पास्याचा.
लोदेनकाकाने स्वेटरांच्या ढिगाला फोन टेकवून पाहिला,
भाव करणाऱ्या गिऱ्हाइकालाही बसवून दाखवला,
जाताना त्याला हातमोजे फुकट दिले.
त्या गोलची नोंद कुठेच नाही.
मी शोधली.

सत्ताविसाव्या वर्षी गुडघा.
एकदा शिवला, परत उसवला.
पेपरात चार ओळी आल्या, आडनाव चुकलेलं.

आता धान निघालं की
कॅम्प आणि गाव यांच्या मधल्या पडीत जागेवर
तो पोट्ट्यांना शिकवतो. पोरीच जास्त येतात.
शिट्टी नाही, दोन बोटं तोंडात घालतो.
कधी मराठीत ओरडतो, कधी तिबेटीत,
पोरी दोन्हीला वळतात.

काल म्हणाला, "नान्या, जाळं आहे का बे तुह्याकडे?"
माझ्याकडे नायलॉनचं नवं होतं, बारीक डोळ्याचं,
झिंगासुद्धा सुटायचा नाही असं.
मी माळ्यावरचं नेलं, बापाचं.
तो भोकांतून बोटं घालत बसला थोडा वेळ,
मग म्हणाला, "उभा राय."
पोट सुटलेलं माझं. चप्पल काढून उभा राहिलो.

लंगडत आला, डाव्या पायाने मारला.
गेला आरपार, थेट बांधीत.
पोरी ओरडल्या, गोल!
मी म्हणालो, नाही.