क्रियापदापर्यंत

नेरूळला, सेक्टर अठराच्या कोपऱ्यावर भानुशालींचं दुकान.
त्यांनी चिठ्ठी उजेडात धरली, मग विचारलं,
"मुलाचं नाव?"
म्हटलं, माझंच.
"वय?"
एक्केचाळीस.
मग त्यांनी काउंटरखालून लाल पाठीचं रजिस्टर काढलं,
त्यात मी, डॉक्टर केळुसकर, गोळ्या तीस,
आणि माझी सही, जी दर वेळी वेगळी येते
हे बँकेला ठाऊक आहे.

लिफ्टपाशी आल्यावर कळलं, पिशवी दुकानातच राहिली.
परत गेले.
भानुशाली काही बोलले नाहीत, नुसती पुढे सरकवली.

आमच्याकडे दूध उतू जातं.
वास्तुशांतीला लोक मुद्दाम घालवतात,
माझ्या घरी चौदा वर्षं रोजचीच वास्तुशांत.
सासूबाई पातेलं घासायच्या, एक शब्द बोलायच्या नाहीत.
त्या न बोललेल्या शब्दाचा आवाज
अजून सिंकमध्ये आहे.

शाळेत विचारायचे, लक्ष कुठाय तुझं?
खरं उत्तर होतं, सगळीकडे.
पंख्याच्या पात्यावरच्या जळमटात,
बाईंच्या उसवलेल्या बाहीत,
भिंतीपलीकडे चाललेल्या तेराच्या पाढ्यात.
पण उत्तर द्यायचं नसतं,
अंगठे धरायचे असतात.

शुक्रवारी सात दहाला घेतली. पांढरी, मसुरीएवढी.
पोहे खाऊन.
काहीच होईना, म्हणून मीटरचे आकडे बघत बसले,
आणि सुहृद बोलायला लागला,
सोसायटीच्या बिलाबद्दल, पार्किंगचे जादा तीनशे वगैरे,
आणि त्याचं वाक्य
मी ऐकलं
शेवटपर्यंत.
मराठीत क्रियापद शेवटी येतं.
म्हणजे इतकी वर्षं माणसं
माझ्यासमोर नुसती कर्ता-कर्म होऊन उभी होती,
ती करत काय होती, मला पत्ताच नव्हता.
"काय झालं?" त्याने विचारलं.
काही नाही, बोल.

एपीएमसीत, कांद्याच्या गाळ्यावर, अकरापर्यंत
मागच्या आठवड्याच्या पावत्या लागल्या.
शेठ दोनदा येऊन बघून गेले.
वहीच्या समासात रोज माझी बदकं असतात,
पगड्या घातलेली, एक दुर्बीण घेतलेलं.
आज समास कोरा.
बदकं कुठे गेली असतील, हा विचार आला
आणि गेला. तोही गेलाच, हे जरा लागलं.

तोंडाला कोरड. डबा तसाच, भेंडी गार.

दुपारी मोरीत दार लावून रडले, पाचेक मिनिटं.
आनंदाने नाही.
बाबांसाठी.
तुर्भ्याच्या तीन कंपन्यांनी त्यांना काढलं,
घरात अकरा अर्धवट उघडलेली घड्याळं,
स्क्रूंचे डबे, आणि आईचा तो एक शब्द,
धांदरट, जेवताना वाढल्यासारखा.
"माझं चित्तच थाऱ्यावर नसतं गं," ते हसून म्हणायचे,
जणू चित्त म्हणजे कुणी उनाड भाऊ,
येईल संध्याकाळपर्यंत.
त्यांचं नाव कुणी रजिस्टरात
लिहून घेतलं नाही.

चारला उतरली.
सगळी मंडळी एकदम घरात शिरली, चपला न काढता.
वीजबिल, मावसबहिणीचं बाळ, कानातलं कुठे ठेवलं,
शाळेतल्या त्या वनिताचं आडनाव.
मी चिडले, आणि खरं सांगू,
बरंही वाटलं थोडं.
यांच्यात वाढलेय मी.

केळुसकर म्हणाले होते, घाई नको, नोंद ठेवा.
वही घेतली आहे. सापडली की लिहीन.

शनिवारी दुधापाशी उभी राहिले.
कडेने बारीक मोती आले,
मधली साय थरथरली, उचलली गेली,
आणि मी गॅस
वेळेत
बंद केला.

घरात कुणी उठलेलं नव्हतं.
आता यानंतर माणसं काय करतात
ते माहीत नसल्यामुळे
मी तिथेच उभी राहिले,
बुडाशी काळ्या पातेल्याकडे बघत.