खिसा

नुजहत, माझ्या अंगावर हा कधी नव्हता.
मी डोक्यावर पदर घ्यायचे,
अजान झाली की, आणि ऊन लागलं की.
ओझरच्या पॅकहाऊसात तर सगळ्याच बायकांना
जाळीची टोपी, मास्क, हातमोजे.
नुसते डोळे, आणि द्राक्षं.
तिथं कुणी कुणाला विचारलं नाही,
हे मर्जीनं की घरच्यांच्या धाकानं.

एकोणिसाव्या वर्षी तू दूध बाजारातून कापड आणलंस.
म्हटलं, आयटीआयत पोरी हसतील.
हसू दे, अम्मी. माप घे.

माप घेतलं.
भांडले, पण मशीन चालवत चालवतच.
तुझी मामी खुशीनं पेढे घेऊन आली, तिच्यावर भडकले.
शेजारच्या पगारबाई हळूच म्हणाल्या,
पोरीला कुणी भरवलं हो?
त्यांच्यावरही.

खिसा मात्र तू मागितला नव्हतास.
तो माझा. उजवीकडे, आतून, चांगला खोल.
काळी रीळ संपली होती, निळ्या दोऱ्यानं घातला.
टेस्टर मावतो, पगाराचं पाकीट मावतं,
सातपूरच्या रात्रपाळीला मिरचीची पूड.

काल सारडा सर्कलला
पाच-सहा बुरख्यांत मला तू ओळखू येईनास.
मला. जिनं माप घेतलं.
तेवढ्यात एकीनं आत हात घालून
रिक्षावाल्याला सुटे दिले.
हाक मारली मी, रस्त्यात, मोठ्यानं.
वळली, तर दुसरीच कुणी.
डोळ्यांनी हसली.

तिलाही खिसा होता.
दोरा कुठला, दिसलं नाही.